शेंगोळ्यांची वाटणी

नवीन जालना,
२६ डिसेंबर २०२४

ती. सत्यशीलाताईस,
धाकट्या ज्योत्स्नाचा सप्रेम जय भीम.

वि. वि. पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर हे बोलता आलं नसतं. मी फोन उचलला की प्रेम पेपर घेऊन शेजारी येऊन बसतात, आणि ह्या वेळची गोष्ट त्यांच्या जिवलग सोमेश्वर भाऊजींची आहे. त्या माणसाबद्दल वावगा शब्द आमच्या घरात चालत नाही. माझ्याबद्दल चालतो.

तर बातमी अशी, की घनसावंगीहून सोमेश्वर भाऊजी, उषाबाई, त्यांची सून अर्पिता आणि तिची दोन लेकरं बारा जानेवारीला, रविवारी, आमच्याकडे जेवायला येणार आहेत. हो, जेवायला. मीसुद्धा पुन्हा विचारून घेतलं. बेत अर्पितानं काढला. तिचा नवरा साखर कारखान्यात, इतकी वर्षं ते सांगलीकडं होते, मागच्या दिवाळीला गावी परत आले. ती म्हणाली, काकू, थंडी काय पडून राह्यली, सगळे मिळून तुमच्या घरी शेंगोळे करू, लेकरांनाही वळायला मजा येईल. पोरगी बाहेर राहिलेली. आपल्या दोन घरांमधला कायदा तिला अजून कोणी सांगितलेला दिसत नाही.

कायदा तुला माहीत आहे. आम्ही दर दिवाळीला त्यांच्याकडं जातो, पोटभर जेवतो, उषाबाईंच्या पुरणपोळीचं कौतुक करतो. त्या आमच्याकडं येतात तेव्हा चहा घेतात, केळं सोलून खातात, बंद पुड्यातलं बिस्किट खातात. जेवायचं म्हटलं की उपवास निघतो. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. एकदा मी मुद्दाम बुधवारी बोलावलं तर पोटात गॅस झाला. तेहतीस कोटी देवांनी मिळून त्या बाईला माझ्या आमटीपासून वाचवलंय.

आणि प्रेमचा प्रत्येक उपवासावर विश्वास. उलट मलाच सांगतात, वहिनींची भक्ती बघ. अंबडच्या हॉस्टेलात हे दोघं मित्र एका ताटात जेवायचे, एक भाकरी मोडून खायचे, हे मी लग्न झाल्यापासून ऐकून राह्यले. ते ताट पुढं कुठं गेलं, हे विचारायची सोय नाही.

आत्तापासून तयारी चालू आहे. फ्रीजमधली अंडी प्रेमनं शेजारच्या सोनूबाईंकडं नेऊन ठेवली. मटणाचं पातेलं माळ्यावर गेलं. काल बैठकीतल्या भिंतीवरच्या फोटोंकडं बघत ते काहीतरी बोलणार होते, पण माझं तोंड बघितलं आणि खिडकी पुसायला लागले.

ताई, मी मात्र मनाशी पक्कं केलंय. ह्या खेपेला त्या माझ्या हातचं जेवल्या तर जेवल्या. न्हाई तर ह्या घरचा चहासुद्धा त्यांना बंद, मग प्रेमला कितीही वाईट वाटो. त्यांना दुसरा मित्र नाही, हे मला कळतं. पण मलाही तीस वर्षं झाली त्या घरात पानावर बसून. तुला काय वाटतं ते कळव.

आहे तेवढी माया राहू दे, उपदेश थोडा कमी कर.

तुझी,
ज्योत्स्ना


अंबड,
१ जानेवारी २०२५

चि. सौ. ज्योत्स्नास,
सत्यशीलाचे अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

पत्र पोचलं. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर आहेत, म्हणजे राग खरा आहे. मी हेडमास्तरीण होते तेव्हा पोरींच्या वह्या बघून हेच ओळखायची.

मला एक सांग. त्या बाईनं तुझी आमटी खाल्ली म्हणजे आमटीला सरकारी शिक्का बसणार आहे का? न्हाई खाल्ली तर ती नासणार आहे का? तुला त्यांना जेवू घालायची एवढी कसली हौस लागून राह्यली, ते मला कळत नाही. माझ्या शाळेत एक सहकारी बाई होत्या. रोज मधल्या सुट्टीत माझ्या डब्याजवळ यायच्या, डोळे मिटून म्हणायच्या, काय घमघमाट सुटलाय तुमच्या मेथीचा. घास कधी उचलला नाही. वासावरच रिटायर झाल्या बिचाऱ्या. मी त्यांच्या निरोप समारंभात भाषण केलं, फार चांगलं केलं, आणि घरी येऊन झोपले. असं झोपायला शीक.

त्या काहीतरी काढतील हे धरून चाल. देव संपले तर डॉक्टर काढतील. अर्पिता भोळी असेल, पण सासू तिला वाटेतच शहाणी करून आणेल. घनसावंगी ते जालना रस्ता तेवढा लांब आहे.

राहिले प्रेमराव. त्यांना काही कळत नाही असं तुला वाटतं, ह्याचं मला हसू येतं. बियाण्यांच्या कंपनीत आयुष्यभर दाणा हातात घेऊन उगवेल की न्हाई ते सांगणारा माणूस तो. त्यांना कळतं. कळून घ्यायचं नसतं. कळलं तर मित्र जातो, न कळलं तर दिवाळीला पुरणपोळी मिळते. कोणताही शहाणा माणूस पुरणपोळी धरील.

म्हणून सांगते, दार लावायचं असेल तर ते कोणाच्या तोंडावर लागेल ते आधी बघ. उषाबाईंना घनसावंगीत दारं भरपूर आहेत.

अंडी परत आण. पाहुण्यांना घाबरणारी अंडी मी पहिल्यांदाच ऐकली. मला मणक्यानं सतावलंय, बाकी ठीक. पत्र टाकत जा, म्हातारीला तेवढंच वाचायला मिळतं.

तुझी,
ताई


नवीन जालना,
१३ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सप्रेम जय भीम.

झालं जेवण. म्हणजे आमचं झालं.

गाडीतून आधी माणसं उतरायच्या ऐवजी सामान उतरलं. पातेलं, परात, पळी, पिठाचा डबा, तेलाची बाटली आणि शेवटी पाण्याचा मोठा जार. मला वाटलं बिऱ्हाडच हलवलं. उषाबाई म्हणाल्या, तुम्हाला एकटीला त्रास नको म्हणून आणलं, आणि पाणी बदललं की लेकरांना खोकला होतो. प्रेम तो जार खांद्यावर घेऊन तोंडभर हसत आत आले. मला म्हणाले, वहिनींना आपली किती काळजी. मी हो म्हणाले. अर्पिताचा चेहरा मात्र पडलेला होता. तू म्हणालीस तसं वाटेतच शहाणपण झालं असणार, फक्त ते तिला लागू पडलेलं दिसलं नाही.

स्वयंपाकघरात दोन पराती मांडल्या, एक माझी, एक त्यांची. दोन्हीत ज्वारीचं पीठ, दोन्हीत लसूण, तिखट, ओवा, हळद. शेगडीवर दोन पातेली चढली, एकात माझ्या नळाचं पाणी, एकात त्यांच्या जारचं. सिलिंडर मात्र माझाच होता. तेवढं अग्नीला चालत असावं.

मोठ्यांचा कायदा लेकरांना माहीत नसतो. आर्यन सात वर्षांचा आणि रेवा चारची. दोघं हात धुऊन मधोमध बसली आणि कधी माझ्या परातीतला गोळा घ्यायची, कधी आजीच्या. आर्यननं शेंगोळे कमी आणि बॅट-स्टंप जास्त केले. रेवानं नुसते साप केले. जे होईल ते एकाच ताटात ठेवत गेली. अर्पिता त्यांना टोकं जोडायला शिकवत होती, मी लसूण सोलत होते, प्रेम कोथिंबीर निवडत हॉस्टेलातली तीच गोष्ट सांगत होते आणि सोमेश्वर भाऊजी मोबाईलवर आलेला माणुसकीवरचा मेसेज मोठ्यानं वाचून दाखवत होते. खरं सांगते ताई, तेवढा वेळ मला वाटलं की आपणच उगाच मनात धरून बसलो.

मंग उषाबाईंचं ताटाकडं लक्ष गेलं. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तांदळातले खडे निवडावेत तसे शेंगोळे निवडायला बसल्या. एकेक उचलायचा, खिडकीच्या उजेडात धरायचा, ह्या बाजूला नाही तर त्या बाजूला. त्यांच्या पिठात हळद जास्त होती. पिवळे डावीकडं, फिके उजवीकडं. इतकी वर्षं काही ना काही कारण असायचं ताई. काल कारण नव्हतं, नुसती बोटं होती.

रेवाला वाटलं नवा खेळ आहे. तिनं विचारलं, आजी, काय करतेस. उषाबाईंच्या तोंडून निघून गेलं, हे आपले, ते त्यांचे. झालं. पोरगी आनंदानं मदतीला बसली. हे आपले, ते त्यांचे, हे आपले, ते त्यांचे, असं गाण्यासारखं म्हणत भराभर वाटणी करायला लागली. आवाज खणखणीत आहे तिचा. मंग तिच्या हातात तिनंच केलेला लांब साप आला, अर्धा पिवळा, अर्धा फिका. तिनं तो प्रेमच्या नाकासमोर धरला आणि विचारलं, प्रेम आजोबा, हा कोणाचा.

प्रेमनं सोमेश्वर भाऊजींकडं बघितलं. भाऊजी पंख्याकडं बघत होते. ह्या थंडीत पंखा बंद आहे, तरी बघत होते.

अर्पिता उठली, दोन्ही ढिगाऱ्यांवर आडवा हात फिरवला आणि सगळेच्या सगळे शेंगोळे, साप आणि बॅटसकट, माझ्या पातेल्यात सोडले. सासूकडं बघितलंसुद्धा नाही. मला विचारलं, काकू, झाकण कुठंय.

शेंगोळे छान झाले. लेकरं तर पुन्हा पुन्हा मागून जेवली. उषाबाईंना आठवलं की रविवारी सूर्यनारायणाचा उपवास असतो. एवढा एकच देव उरला होता, तोही कामाला आला. भाऊजींनी मात्र ताटात वाढून घेतले, चमच्यानं इकडचे तिकडं केले, तिकडचे इकडं केले आणि हात धुवायला उठले. प्रेम ते बघत होते.

पाहुणे गेल्यावर प्रेमनं सगळी भांडी घासली. लग्नानंतर पहिल्यांदाच. सोनूबाईंकडून अंडी आणली, फ्रीजमध्ये ठेवली आणि मला म्हणाले की भाऊजींचा फोन आला तर मी घरात न्हाई म्हणून सांग. दार मी लावणार होते ना? माझ्याआधी त्यांनीच कडी घातली. मला बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं न्हाई.

तो जार इथंच राहिला, अर्धा भरलेला. मी ते पाणी कुंड्यांना घातलं. झाडांना अजून तरी खोकला झालेला नाही.

तुझ्या मणक्याला जप. माझ्यावर माया आहेच, ती थोडी प्रेमकडंही वळव.

तुझी,
ज्योत्स्ना


घनसावंगी,
१७ जानेवारी २०२५

सौ. ज्योत्स्नाबाई यांना,
उषाबाईचा सा. न. वि. वि.

संक्रांतीचा तिळगूळ सोबत पाठवला आहे, गोड मानून घ्यावा. तुम्ही सण करता की न्हाई मला माहीत नाही, पण पाठवायची आमची रीत आहे.

रविवारी माझं चुकलं असं अर्पिताचं म्हणणं पडलं. ती चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलून राह्यली. माझं म्हणणं असं की लेकरांना कमी हळदीचं बाधतं, म्हणून मी निवडत होते. त्यात कोणाला लागण्यासारखं काय होतं ते देवाला ठाऊक. आमच्यात असलं काही बिलकुल मानत नाहीत. मानत असतो तर तुमच्या दारात आमची गाडी उभी राहिली असती का? सगळी गल्ली बघते. तुम्ही लोक किती स्वच्छ राहता, तुमची भांडी कशी लखलखीत असतात, हे मी आमच्याकडं सगळ्या बायकांना सांगत असते. सांगायची काही गरज नसते, तरी सांगते.

आमचे हे जेवणावरून लवकर उठतात. प्रेम भाऊजी फोन उचलत नाहीत म्हणून सारखे मोबाईल बघत बसतात. पुरुषांचं मन हळवं असतं, आपणच समजून घ्यायचं. तुम्ही भाऊजींना सांगावं. रेवाच्या वाढदिवसाला सगळ्यांनी जेवायलाच यायचं आहे.

आमचा जार तिकडं राहिला. कोणी येणार असेल तर पाठवावा. भरायची गरज नाही, रिकामाच चालेल.

आजवर जसा घरोबा होता तसाच राहावा, ही विनंती.

आपली,
उषाबाई


नवीन जालना,
२२ जानेवारी २०२५

सोम्यास,
प्रेमचा जय भीम.

हॉस्टेल सोडल्यापासून तुला पत्र लिहिलेलं न्हाई. फोनवर तू मधीच हसवतोस आणि माझं बोलायचं राहून जातं, म्हणून लिहून राह्यलो.

वहिनींचं पत्र ज्योत्स्नानं मला वाचायला दिलं. वहिनींचा मला तेवढा राग न्हाई. त्यांनी निवडलं ते सगळ्यांसमोर निवडलं. तू ताटात घेऊन फिरवलंस. खायचं नव्हतं तर घ्यायचं नव्हतं. घेतलं होतं तर खायचं होतं.

मला सगळं माहीत होतं. बुधवारचा गॅससुद्धा माहीत होता. ज्योत्स्ना मला भोळा समजते. मी भोळा राह्यलो म्हणून आपलं चालून गेलं. त्याचं मला काही वाटत नव्हतं, माझं वय झालं आता. पण रेवा मला आजोबा म्हणते. ती आपले आणि त्यांचे वेगळे करायला माझ्या घरात बसून शिकली, आणि मी कोथिंबीर निवडत राह्यलो. हे मला सोसून न्हाई राह्यलं.

तर आता असं करू. तू माझ्या घरी जेवलास की मी तुझ्या घरी जेवीन. तोवर तुझ्याकडची दिवाळी बंद, वाढदिवस बंद, फोनही बंद. आणि वहिनी सोबत पाहिजेत. तू एकटा येऊन चोरून जेवशील ते मला नको. हॉस्टेलातही तू चोरूनच जेवत होतास. तुझे वडील भेटायला आले की माझं ताट खाटेखाली जायचं. ते मीच सरकवत होतो, म्हणून बराबर आठवतं.

आपलं जे होतं ते माझ्याकडून अजून तसंच आहे. नसतं तर एवढं लिहायला बसलो नसतो.

तुझा,
प्रेम


अंबड,
१८ मार्च २०२५

चि. सौ. ज्योत्स्नास,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

सुखरूप पोचले. बसमध्ये कंडक्टरनं मला खिडकीची जागा काढून दिली, माझा जुना विद्यार्थी निघाला. नापास केलेला होता, तरी दिली.

तुझ्याकडं चार दिवस राहून जे बघितलं ते सांगते, रागावू नकोस. रागावलीस तरी चालेल. रविवारी दुपारी प्रेमराव ओट्यावर खुर्ची टाकून बसतात आणि मोबाईल मांडीवर पालथा ठेवतात. वाजला की दचकतात, बघतात, परत पालथा ठेवतात. तू आतून ते बघतेस आणि मुद्दाम भांडी आपटतेस. तुला पाहिजे होतं ते झालं. दार लागलं. आता दोघंही दाराला कान लावून बसलाय.

माझं मत विचारशील तर प्रेमरावांचं पत्र चांगलं होतं. त्याची कच्ची प्रत तू मला वाचून दाखवलीस तेव्हाच ते कळलं. माझ्या त्या मेथीवाल्या बाईंना मी असं चार ओळींत कधीच लिहिलं नाही. समारंभात भाषण केलं आणि टाळ्या घेतल्या. म्हणून आता तुला झोपायला शीक असं सांगत नाही.

पण उत्तर यायचं असतं तर आतापर्यंत आलं असतं. सोमेश्वरराव वाईट माणूस नाही, मऊ आहे. मऊ माणसाकडून काही होत नाही, हे मी शाळा समितीत आयुष्यभर बघितलं. तेव्हा आशा बेताची ठेव. प्रेमरावांना बागेत पाठव, बुद्धिबळ आणून दे, नाही तर माझ्याकडं पाठव. मला भांडायला माणूस हवंच आहे.

तुम्हा दोघांवर माझा जीव आहे, हे पत्रात लिहावं लागतं, कारण तोंडानं मी बोलत नाही.

तुझी,
ताई


नवीन जालना,
५ मे २०२५

ती. ताईस,
सप्रेम जय भीम.

तुझं बुद्धिबळ कपाटात ठेवून दिलं. का ते वाच.

काल रविवार. दुपारी ऊन असं की कुत्रं रस्त्यावर नव्हतं. सोमेश्वर भाऊजींची गाडी दारात थांबली आणि भाऊजी एकटे उतरले. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण वरखाली. ओट्यावर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, जेवायला आलो, काय असेल ते वाढा. मी म्हणाले, येसराची आमटी आहे, भाकरी आहे, कांदा आहे. प्रेम आतून आले. त्यांनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. वहिनी कुठं आहेत एवढंच विचारलं. भाऊजी म्हणाले, गाडीत. उतरत न्हाई म्हणून राह्यली. प्रेम म्हणाले, मंग तूही जा.

तर ताई, तुझ्या मऊ माणसानं काय करावं? सरळ आत आले, खुर्ची ओढली, बसले आणि खिशातून गाडीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. म्हणजे गाडीतला एसी बंद तो बंदच. दार उघडायला किल्ली लागत नाही, पण मे महिन्यात जालन्याच्या उन्हात गाडीत बसायला लागते. सगळ्या आयुष्यात त्या माणसानं केलेलं हे पहिलं धाडस असावं.

मंग बसल्या बसल्या त्यांनी सांगितलं. रेवाला बालवाडीत घातलंय. तिथं तिनं खाऊच्या सुट्टीत सगळ्या लेकरांचे डबे दोन रांगांत मांडले, हे आपले, ते त्यांचे. एक लेकरू रडत घरी गेलं. बाईंनी आजीला बोलावून घेतलं आणि पालकांसमोर रेवाला विचारलं की हे तुला कोणी शिकवलं. रेवानं आजीकडं बोट दाखवलं. खोटं बोलायचं वय नाही तिचं. अर्पितानं सासूला एक शब्द विचारला नाही, लेकरांना घेऊन माहेरी गेली आणि आज महिना झाला तिकडंच आहे. उषाबाईंनी तेव्हापासून एकही उपवास धरलेला न्हाई, असं भाऊजी खाली बघून म्हणाले.

गाडीचं दार उघडलेलं दिसलं. उषाबाई पाय बाहेर सोडून, पदरानं वारा घेत बसल्या होत्या. सोनूबाई त्यांच्या फाटकातून विचारत होत्या की बाईंना पाणी आणू का. मी बाहेर गेले. ताई, हे मी तीस वर्षं मनात रंगवलं होतं. त्या उन्हात, मी सावलीत. चांगले चांगले टोमणे पाठ करून ठेवले होते, काही तर तुझेच होते. एकही आठवला नाही. त्यांचे पाय सुजलेले होते आणि चपलेचा पट्टा रुतून वळ उठला होता. मी म्हणाले, वहिनी, चला आत, ऊन आहे.

त्या म्हणाल्या, मी काही त्या पत्रासाठी आले न्हाई, यांनी जबरदस्ती आणलं. मी म्हणाले, बराबर आहे. त्या म्हणाल्या, मला भूकही न्हाई. मी म्हणाले, नसू दे. मंग माझ्या खांद्याला धरून उठल्या. जड आहेत.

माठातलं पाणी दिलं. एक पेला घटाघटा प्यायल्या, दुसरा मागितला. कोणताही देव आडवा आला नाही. प्रेमनं स्वतः चार पानं वाढली, माझ्या हातून पळी काढून घेऊन. सगळे खाली बसलो. कोणी वर बघेना. परीक्षेत शेजाऱ्याचा पेपर बघायचा असतो पण बघत नाही, तसे आम्ही तिघं आपापल्या ताटात बघत होतो, आणि सगळ्यांचं लक्ष त्यांच्या हाताकडं. त्यांनी भाकरी मोडली. आमटीत बुडवली. बराच वेळ चावत राहिल्या. घास गिळलेला मला ऐकू आला. भाऊजींचे डोळे भरले, त्यांनी तिखटाचं नाव पुढं केलं.

मंग उषाबाई म्हणाल्या, मीठ कमी आहे.

प्रेम घाबरून माझ्याकडं बघायला लागले. त्यांना वाटलं, आता ही पातेलं आपटते. ताई, तीस वर्षं त्या बाईनं माझ्या घराचं, माझ्या नोकरीचं, माझ्या भांड्यांच्या लखलखाटाचं कौतुक केलं. स्वयंपाकाला कधी नाव ठेवलं नाही, कारण नाव ठेवायला आधी खावं लागतं. मला भरून आलं. मी म्हणाले, डबा शेगडीच्या बाजूला आहे, तुमच्या हातानं घ्या.

त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, माझ्या स्वयंपाकघरात गेल्या, डब्यांची झाकणं उघडल्याचे आवाज आले. चमचा वगैरे काही नाही, मूठभर मीठ घेऊनच आल्या. आपल्या वाटीत घातलं. मंग कोणालाही न विचारता भाऊजींच्या वाटीत, प्रेमच्या वाटीत आणि माझ्याही वाटीत घातलं आणि बोटानं ढवळलं. आमटी खारट झाली. आम्ही सगळ्यांनी ती वाट्या पुसून खाल्ली.

तुझी माया अशीच पाठीशी राहू दे.

तुझी,
ज्योत्स्ना